रद्द तिकिटाचे पैसे कुणाचे?

जानेवारी २०२६ पासून कन्फर्म तिकिटाची तारीख घरबसल्या बदलता येईल आणि त्यासाठी वेगळं शुल्क पडणार नाही, असं रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. नव्या तारखेला जागा मिळेलच याची हमी नाही, आणि भाडं जास्त असेल तर फरक भरायचा. दिवाळी तोंडावर आलेली, त्यात ही बातमी. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका घरात तिच्यावरून मामा-भाचीची जी जुंपली, ती मी शेजारी बसून ऐकली. मामांची नोकरी रेल्वेत, आरक्षणाच्या खिडकीमागे गेली. भाची वकील आहे. दोघंही तिकिटाच्या पैशांबद्दल बोलत होती, पण मामांच्या डोळ्यांसमोर बर्थ होता आणि भाचीच्या डोळ्यांसमोर पक्षकार.

मामांना बातमी फारशी रुचली नव्हती. "यात नवीन काय सांगाय लागलेत? खिडकीवर काढलेलं कन्फर्म तिकीट ४८ तास आधी आणून दिलं तर एकदा तारीख बदलून मिळतच होती. फॉर्म भरायचा, रांगेत उभं राहायचं. आता ते मोबाइलवर आणणार. रांगेत उभं राहायला लागतं म्हणून माणूस दोनदा विचार करायचा. बोटाच्या एका टोकानं तारीख बदलायला लागली की लोक आधी कुठलीतरी तारीख धरून ठेवणार आणि मग सरकवत बसणार."

"मामा, तारीख माणूस हौसेनं बदलत नाही," भाची म्हणाली. "माझ्या पक्षकारांची तारीख कोर्ट बदलतं."

हे कोल्हापूरकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. त्याआधी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या माणसाचा उच्च न्यायालयाचा रस्ता मुंबईला जायचा. कोल्हापूरच्या माणसासाठी तो महालक्ष्मी एक्स्प्रेसचा रस्ता होता. रात्री बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तोंड धुऊन कोर्टात हजर व्हायचं. चंदगड-आजऱ्याकडचा जमिनीचा दावा लढणारा शेतकरी आधी एसटीनं कोल्हापूर गाठायचा आणि मग ही गाडी पकडायचा.

"उद्याच्या कामांची पुरवणी यादी कधीकधी संध्याकाळी लागायची," भाची सांगत होती. "त्यात आपलं प्रकरण नाही असं सहा वाजता कळलं, तर गाडी सुटायला तीन तास राहिलेले नसायचे. चार तासांच्या आत कन्फर्म तिकिटाला एक पैसा परत मिळायचा नाही. त्या माणसाला मी फोनवर काय सांगायचं? येऊ नका, पण तिकिटाचे पैसे गेले, असं?"

"खरं आहे," मामा म्हणाले, "पण तो बर्थ मग रिकामाच गेला की. रेल्वेनं तो कुणाला विकायचा? सहा वाजता कळल्यावर रात्रीच्या गाडीला गिऱ्हाईक कुठून आणायचं?"

इथून पुढे मामा खिडकीमागच्या माणसासारखे बोलायला लागले. १२ नोव्हेंबर २०१५ पासून लागू झालेले आणि तेव्हा चालू असलेले नियम त्यांना तोंडपाठ होते. गाडी सुटण्याच्या ४८ तासांहून आधी कन्फर्म तिकीट रद्द केलं तर माणशी ठरावीक रक्कम कापायची: एसी फर्स्टला २४० रुपये, एसी टू-टियरला २००, थ्री-टियर आणि चेअरकारला १८०, स्लीपरला १२०, सेकंड क्लासला ६०. ४८ ते १२ तासांत भाड्याच्या २५ टक्के, पण वरच्या ठरावीक रकमेपेक्षा कमी नाही. १२ ते ४ तासांत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. एसीच्या कापलेल्या रकमेवर जीएसटी निराळा.

"त्याआधीचे दिवस मी बघितलेत," मामा म्हणाले. "स्लीपरला साठच रुपये कापायचे. गाडी सुटल्यावरसुद्धा दोन तासांपर्यंत निम्मे पैसे मिळायचे. त्याचा परिणाम काय, तर एकेका घरातून चार-चार तारखांची तिकिटं. लग्नाचा मुहूर्त ठरायचाय, धरून ठेव. साहेबांची रजा मंजूर व्हायचीय, धरून ठेव. एजंटांचा धंदा तर त्याच्यावरच. आणि माझ्यासमोर खिडकीत कोण उभं? टाटा हॉस्पिटलला बायकोला घेऊन निघालेला माणूस. हातात फाईल, आणि मी त्याला वेटिंग सांगतोय. गाडी सुटल्यावर टीसी येऊन सांगायचा, अमुक डब्यात इतके बर्थ मोकळे गेले. ज्यानं शेवटच्या घटकेला तिकीट फेकलं, त्यानं त्या बाईचा बर्थ अडवला होता, पोरी. त्याच्याकडून पैसे कापले तर मला दुःख होत नाही."

मामांच्या आवाजात हे सांगताना जो कडकपणा आला तो खोटा नव्हता. रद्द तिकिटाची चर्चा आपण बहुतेक वेळा प्रवासी विरुद्ध रेल्वे अशी करतो. मामा तिसऱ्या माणसाबद्दल बोलत होते, यादीत खाली अडकलेल्या माणसाबद्दल. रद्द करणं महाग असलं म्हणजे माणूस नको असलेलं तिकीट काढत नाही, किंवा लवकर सोडतो, आणि त्याचा लाभ या तिसऱ्याला होतो. हे मला मान्य आहे. विमानात आणि खासगी बसमध्येही उशिरा रद्द केलेल्या जागेचे पैसे कापतातच.

भाचीलाही ते मान्य होतं, पण तिचा आक्षेप दुसरीकडे होता. तिनं कागद ओढला. "कोल्हापूर ते पुणे स्लीपर, सव्वादोनशेच्या आसपास भाडं. महिनाभर आधी रद्द केलं तरी १२० कापणार, म्हणजे निम्म्याहून जास्त. मुंबईचं स्लीपर सव्वातीनशेच्या आसपास, त्यातले १२० म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त. आता त्याच महालक्ष्मीचं एसी टू-टियर घ्या. हजाराच्या वर भाडं आणि कापणार २००, सहावा-सातवा हिस्सा. ज्याच्या खिशात कमी, त्याचे जास्त कापायचे, हा कुठला न्याय? आणि महिनाभर आधी सोडलेल्या बर्थनं तुमच्या त्या बाईचं काय अडवलं? तो तर तिलाच मिळाला असता."

मामा बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लांब पल्ल्याला हे टोचत नाही. निजामुद्दीनचं, धनबादचं तिकीट असलं तर १२० काही वाटत नाहीत. जवळच्या पल्ल्याला लागतं, खरं आहे. आम्ही पण खिडकीवर सांगायचो लोकांना, पुण्याचं स्लीपर रद्द करून हातात काय पडणार, भावाला पाठवा त्यापेक्षा."

भावाला पाठवणं हा मामांचा आवडता विषय, आणि तो वाचकांच्या उपयोगाचा असल्यानं इथे थांबतो. कन्फर्म तिकीट रद्द न करता जवळच्या नातेवाइकाच्या नावावर करता येतं: आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज, तिकीट आणि नात्याचा पुरावा द्यायचा. इंटरनेटवर काढलेल्या तिकिटाची छापील प्रत घेऊनही खिडकीवर हे होतं. एका पैशाची कपात नाही. मामांच्या मते दहातल्या नऊ लोकांना हे ठाऊक नसतं आणि ठाऊक नसल्यामुळे ते शेकडो रुपये सोडून देतात. कोल्हापूरहून बसायचं ठरवलेल्याला पुढे मिरजेहून चढायचं असेल, तर चार्ट लागण्याआधी चढण्याचं स्टेशनही बदलता येतं.

"सोय आहे, पण कुणाला सांगितलेली नाही. अशी सोय असून नसल्यासारखीच," भाची म्हणाली. मामांनी मान हलवली.

मग विषय वेटिंगवर आला आणि बोलण्याचा सगळा नूर बदलला.

तिकीट वेटिंगमध्येच राहिलं, चार्ट लागला, जागा मिळाली नाही. इंटरनेटवरचं तिकीट असेल तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात, पण माणशी ६० रुपये कापून. एसी असेल तर त्यावर जीएसटी. या कपातीला रेल्वेच्या भाषेत क्लर्केज म्हणतात. तिकीट काढताना घेतलेलं सुविधा शुल्कही परत मिळत नाही, मग जागा मिळो न मिळो.

"माझा मुद्दा एवढाच आहे, मामा," भाची म्हणाली. "कन्फर्म तिकीटवाल्यानं जागा अडवली, तो पैसे मोजतोय, ठीक. वेटिंगवाल्यानं काय अडवलं? त्यानं दोन महिने आधी पूर्ण भाडं दिलं. रेल्वेनं ते ठेवून घेतलं. शेवटी जागा द्यायला जमलं नाही, ते रेल्वेला. आणि दंड कुणाला, तर ज्याला जागा मिळाली नाही त्याला. चौघांचं घर दिवाळीला मुंबईहून गावी यायला निघालं, चारही वेटिंगमध्ये राहिले, तर २४० रुपये गेले. वर खासगी बसचं दिवाळीतलं भाडं."

"फुकट केलं तर प्रत्येक जण पाच गाड्यांच्या यादीत नाव घालेल."

"घालू दे की. पूर्ण पैसे भरून घालणार. पाच गाड्यांचे पैसे दोन महिने अडकवून ठेवायची ऐपत कुणाची आहे?"

माहितीच्या अधिकारात रेल्वेनंच दिलेले आकडे २०२४ मध्ये वर्तमानपत्रांत आले होते. २०२१ पासून जानेवारी २०२४ पर्यंत वेटिंगची तिकिटं रद्द होण्यातून रेल्वेला १,२२९ कोटी रुपये मिळाले. एकट्या २०२३ मध्ये अशी सव्वापाच कोटी तिकिटं रद्द झाली आणि ५०५ कोटी रुपये जमा झाले. भाचीनं हे सांगितलं तेव्हा मामांनी आकडा पुन्हा विचारला.

नंतर ते जे बोलले ते मला त्या संध्याकाळचं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं वाटतं. "आमच्या वेळी रजिस्टरवर हातानं नाव लिहायचो, पुठ्ठ्याचं तिकीट, त्याच्यावर डब्याचा आणि बर्थचा नंबर. रद्द करायचं तर रजिस्टर उघडायचं, नाव खोडायचं, सही घ्यायची, रोकड मोजून द्यायची, संध्याकाळी हिशेब जुळवायचा. त्या कामाचे पैसे म्हणून क्लर्केज. खिडकीवर आजही माणूस बसलेला आहे, त्याचं काम आहे. पण मोबाइलवर काढलेलं, मशीननं यादीत टाकलेलं आणि मशीननंच रद्द केलेलं तिकीट... त्यात क्लार्क कुठं बसलाय? बसलाच नाही तर त्याचा पगार कशाला कापायचा?"

माझं मत इथे ठाम आहे. कपात ही एका नुकसानीची भरपाई असते, नाहीतर एका कामाची मजुरी. न मिळालेल्या जागेच्या तिकिटात प्रवाशानं कुणाचं नुकसान केलेलं नाही आणि कुणाला काम लावलेलं नाही. ते ६० रुपये परत करायला हवेत, आणि तारीख बदलण्याची सोय जाहीर करण्याआधी हे व्हायला हवं होतं. तारीख बदलण्याची सोय ज्याला जागा मिळाली आहे त्याच्या उपयोगाची. यादीत खाली राहिलेल्याला तिचा काय लाभ?

मामांनी मात्र रेल्वेची बाजू सोडली नाही, आणि सोडावी असंही मला वाटत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांची त्यांनी आठवण काढली. पंचगंगेनं शहर वेढलं, महामार्ग बंद पडला, गाड्या रद्द झाल्या. रेल्वेनंच गाडी रद्द केली की पूर्ण पैसे परत, क्लर्केज नाही. लॉकडाऊनमध्ये खिडकीवरच्या तिकिटांची परतफेड मागायची मुदत आधी सहा महिने आणि मग नऊ महिने केली, म्हणजे लोकांना गर्दी करावी लागू नये. "प्रत्येक प्रवाशामागे सरासरी ४६ टक्के सवलत देतो असं मंत्री संसदेत सांगतात," मामा म्हणाले. "तोट्यात चालवलेल्या सेवेनं थोडी कपात केली तर लगेच लूट म्हणायचं का?"

"सवलत भाड्यात दिली असेल तर भाड्यात मोजा," भाची म्हणाली. "जो बसला त्याला सवलत आणि जो बसलाच नाही त्याच्याकडून वसुली, हा हिशेब जुळत नाही. आणि गाडी रद्द झाली तर पैसे परत, हे ठीक, पण गाडी उशिरा पोचली तर?"

मामांनी नियम सांगितला. आपल्या स्टेशनातून गाडी तीन तासांहून जास्त उशिरा सुटत असेल आणि आपण गेलो नाही, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरायचा, पूर्ण पैसे मिळतात. कन्फर्म तात्काळ तिकिटाला एरवी परतावा नाही, पण इथे तेही चालतं.

"सुटताना, मामा. कोल्हापूरहून महालक्ष्मी सुटते ती इथूनच निघते, त्यामुळे वेळेवर सुटते. उशीर वाटेत होतो. साडेदहाला पुकारा असलेल्या माणसाची गाडी बाराला पोचली तर नियमात त्याच्यासाठी एक ओळ नाही. तो गाडीत बसलेला आहे ना, मग संपलं."

वकील असल्यानं तिनं सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२१ चा निकाल काढला. अजमेर-जम्मू गाडी चार तास उशिरा पोचली, एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं. उशीर आपल्या हाताबाहेरचा होता हे रेल्वेला दाखवता आलं नाही, म्हणून त्या कुटुंबाला दिलेली भरपाई कायम राहिली. निकाल चांगला आहे, पण त्यासाठी ग्राहक मंचापासून दिल्लीपर्यंत लढावं लागलं. भाड्याच्या परताव्याचा दावा तर १९८७ च्या कायद्यानं रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे दिलेला आहे आणि त्याची आपल्या बाजूची पीठं मुंबईत आणि नागपुरात. कोल्हापूरच्या माणसानं १२० रुपयांसाठी मुंबई गाठायची.

मामांनी विचारलं, असं कुणी करतं का. भाचीनं कोट्याच्या एका अभियंत्याची हकीकत सांगितली. २ जुलै २०१७ च्या प्रवासासाठी त्यानं एप्रिलमध्ये तिकीट काढलं, वेटिंगमध्ये असल्यामुळे रद्द केलं. तिकीट ७६५ रुपयांचं. ६५ रुपये कापून ७०० यायला हवे होते, ६६५ आले. ३५ रुपये सेवाकर म्हणून कापले होते. माहितीच्या अधिकारात अर्जांवर अर्ज करत त्यानं २०१९ मध्ये ३३ रुपये मिळवले आणि उरलेले दोन रुपये २०२२ मध्ये. वाटेत रेल्वेनं मान्य केलं की अशीच कपात झालेल्या २ लाख ९८ हजार खातेधारकांना मिळून २ कोटी ४३ लाख रुपये परत द्यायचे आहेत.

"पस्तीस रुपयांसाठी पाच वर्षं," मामा म्हणाले. "आणि तीन लाख लोकांचे पैसे सुटले. चांगलं काम केलं त्यानं."

मग विषय चार्टवर आला. चार्ट गाडीच्या आठ तास आधी लावायला जुलै २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं सुरुवात झाली होती. वेटिंगवाल्याला लवकर कळेल, दुसरी सोय करता येईल, असं त्यामागचं कारण सांगितलं होतं आणि ते योग्यच आहे. मामांना हा बदल मनापासून आवडला. दुपारी चार्ट लागला की रात्रीच्या गाडीचा माणूस स्टेशनवर येऊन बोचकं घेऊन बसणार नाही. चार्टनंतर उरलेल्या जागा मूळ भाड्यात १० टक्के सूट देऊन विकण्याची पद्धत २०१७ पासून आहे, तिलाही वेळ जास्त मिळेल. मी म्हणालो, मग एक करता येईल. जागा रद्द झाली आणि तीच जागा चार्टआधी दुसऱ्याला पूर्ण भाड्यात गेली, तर रेल्वेचं नुकसान काहीच नाही. अशा वेळी कपात नाममात्र ठेवावी, आणि ती भाड्याच्या टक्केवारीत असावी, म्हणजे पुण्याच्या स्लीपरवाल्याचं निम्मं भाडं जाणार नाही. जागा रिकामी गेली तर मात्र आजच्यासारखी कडक कपात. कुठला बर्थ पुन्हा विकला गेला हे संगणकाला ठाऊकच असतं.

"म्हणजे कोर्टात तारीख पडलेल्या शेतकऱ्याला पैसे मिळणार, जर त्याच्या जागी कुणी गेलं तर," भाची म्हणाली.

"आणि नाही गेलं तर नाही मिळणार," मामा म्हणाले. "हे मला चालेल. पण तारीख फुकट बदलणं अजून चालत नाही. एकदा बदलू दे, दुसऱ्यांदा पैसे घ्या. नाहीतर दिवाळीचे सगळे बर्थ साठ दिवस आधी धरले जातील आणि दिवाळीच्या आठवड्यात सरकवले जातील. मधल्या काळात खिडकीवरच्या माणसाला वेटिंगच दिसत राहणार."

भाची याला तयार झाली नाही. आजारपण, परीक्षा, कोर्ट, मयत या गोष्टी एकदाच येतात असं कुठे लिहिलंय, असा तिचा प्रश्न होता. मामांकडे त्याला उत्तर नव्हतं, पण आपलं म्हणणं त्यांनी मागेही घेतलं नाही. वेटिंगच्या साठ रुपयांचा अर्ज मात्र भाचीनं लिहायचा आणि रेल्वे बोर्डाला पाठवायचा, त्यावर पहिली सही मामांनी करायची, एवढं त्याच बैठकीत ठरलं. सहीखाली आपण निवृत्त आरक्षण कारकून आहोत हे स्पष्ट लिहावं, असं मामांनी तिला दोनदा सांगितलं.